शत्रूच्या प्राणांसाठी रदबदली

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात आमची नुकतीच नेमणूक झाली होती. उपवासकाळ सुरू होता. अशातच विहिरीच्या पाण्यावरून दोन चुलत घरांत भांडण जुंपले, काठ्या निघाल्या आणि एका घरच्या कर्त्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. प्रकरण पोलिसांत गेले. आम्ही दोन्ही घरांचे उंबरठे झिजवले. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने शत्रूवर प्रीती करण्याविषयी जे सांगितले, ते आम्ही त्या मुलाच्या खाटेशी बसून समजावून दिले. अखेर तक्रार मागे घेण्यात आली. शुभ शुक्रवारी क्रुसाचे चुंबन घेण्यासाठी दोन्ही घरची माणसे एकापाठोपाठ एक पुढे आली, तेव्हा देवळात अनेकांचे डोळे पाणावले. आमचेही पाणावले, आणि खरे सांगायचे तर त्या अश्रूंत थोडा अभिमानही मिसळलेला होता.

ईस्टरचा सण आटोपल्यावर त्या मुलाची आई आम्हांला भेटायला आली. ती रागावलेली नव्हती. ती एवढेच म्हणाली, “फादर, आम्ही माफ केलं ते मनापासून केलं. पण ऑपरेशनला कर्ज काढलं, ते आम्हीच फेडतोय. पोरगा घरात बसून आहे. त्यांच्यापैकी कुणी एकदा येऊन विचारलंसुद्धा नाही. माफीत हे पण धरायचं का?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही. आठवणीत राहावे असे ते नसावेच.

सेमिनरीत असताना आम्ही संत ऑगस्टीन यांचा अभ्यास केला होता, तो परीक्षेपुरता. त्यांचा ‘आत्मनिवेदन’ हा ग्रंथ वाचला, ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचे सार पाठ केले. त्यांची पत्रे मात्र या मोठ्या ग्रंथांच्या सावलीत राहून गेली. त्या आईच्या प्रश्नानंतर पुष्कळ वर्षांनी ती आमच्या हाती लागली. त्यांतील काही पत्रे अशा एका खुनाविषयी आहेत, की ज्यात मारला गेलेला माणूस त्यांच्याच धर्मप्रांतातील धर्मगुरू होता. ते सर्व प्रकरण येथे थोडे विस्ताराने सांगावे, असा आमचा मानस आहे.

ऑगस्टीन हे उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप. आज अल्जीरिया देशात अन्नाबा नावाचे जे बंदर आहे, तेथेच प्राचीन हिप्पो वसले होते. इ.स. ३९५च्या सुमारास ते बिशप झाले, तेव्हा आफ्रिकेतील ख्रिस्तसभा दोन शकलांत विभागलेली होती. या फुटीचे मूळ जुन्या छळात होते. सम्राट डायोक्लेशियनने इ.स. ३०३ मध्ये पवित्र ग्रंथ सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. काहींनी प्राण दिले पण ग्रंथ दिले नाहीत, काही भ्याले व त्यांनी ते सोपवले. छळ संपल्यावर प्रश्न उभा राहिला : ज्याने ग्रंथ सोपवले, त्याच्या हातून मिळालेला स्नानसंस्कार खरा की खोटा? त्याने दिलेली गुरुदीक्षा ग्राह्य की त्याज्य? कार्थेजच्या बिशपांना दीक्षा देणाऱ्यांत असा एक ग्रंथ सोपवणारा होता, असा आरोप करून एका गटाने आपला वेगळा बिशप निवडला. त्या गटाचा पुढारी डोनाटस. म्हणून ते डोनाटसपंथीय. आपली तेवढी ख्रिस्तसभा शुद्ध, बाकीचे बाटलेले, असे ते मानीत.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. गावोगावी दोन देवळे, दोन वेद्या, दोन बिशप. नवरा एकीकडे तर बायको दुसरीकडे. हिप्पोत एके काळी डोनाटसपंथीयांच्या बिशपांनी भट्टीवाल्यांना बजावले होते, की कॅथलिकांसाठी कोणी भाकरी भाजायची नाही. ज्या समाजात शेजाऱ्याची भाकरी भाजण्यावर बंदी येते, त्या समाजात पुढे काय काय होऊ शकेल याचा अंदाज आपल्या देशात राहणाऱ्याला वेगळा सांगायला नको.

पुढे तसेच झाले. डोनाटसपंथीयांच्या बाजूने खेडोपाडी हिंडणाऱ्या काही टोळ्या होत्या. इतिहासकार त्यांना सर्कमसेलियन म्हणतात. हाती सोटे आणि मुखी देवाच्या स्तुतीची आरोळी, असा त्यांचा थाट. कॅथलिक धर्मगुरूंची घरे जाळणे, त्यांना मारहाण करणे, डोळ्यांत चुना आणि शिरका घालून त्यांना आंधळे करणे, असे प्रकार त्यांनी केले. बगाई नगरीचे बिशप मॅक्सिमियन यांना त्यांच्याच देवळात वेदीच्या मोडलेल्या लाकडांनी बडवले, भोसकले आणि पुढे उंच बुरुजावरून खाली फेकून दिले. खाली शेणाचा ढीग होता म्हणून ते वाचले. खुद्द ऑगस्टीन यांच्या वाटेवरही एकदा मारेकरी दबा धरून बसले होते. त्या दिवशी वाटाड्या रस्ता चुकला व त्यांना भलत्याच वाटेने घेऊन गेला; मुक्कामी पोहोचल्यावर कळले, की ती चूकच त्यांना तारून गेली. पुढे त्यांनी एका ग्रंथात या चुकीबद्दल देवाचे आभार मानले आहेत. प्रवासात वाट चुकली की चिडचिड करण्याची सवय आम्हांला आहे, म्हणून हा प्रसंग आमच्या विशेष लक्षात राहिला.

असे असूनही ऑगस्टीन यांनी शासनाकडे दाद मागितली, हे प्रथम नीट लक्षात घ्यावे. एक गाल मारला तर दुसरा पुढे करावा, या प्रभूच्या शिकवणीचा अर्थ त्यांनी असा लावला नाही, की शेजाऱ्याचा गाल आपण परस्पर मारेकऱ्यापुढे करावा. गोरगरिबांना आणि खेड्यांतल्या धर्मगुरूंना संरक्षण हवे होते. कायद्याचे रक्षण मागण्यात त्यांना संकोच वाटला नाही. परंतु त्यांनी एक अट घातली. इ.स. ४०८च्या सुमारास आफ्रिकेच्या प्रांताधिपतीला लिहिलेल्या पत्रात ते बजावतात, की गुन्हेगारांना आवर घाला, पण त्यांना ठार मारू नका. तुम्ही त्यांना मृत्युदंड देऊ लागलात, तर आम्ही तुमच्या न्यायासनासमोर तक्रार आणणेच बंद करू, आणि त्यांच्या हातून मरण पत्करू. प्रांताधिपतीला असे लिहिणे हे लहानसहान धाडस नव्हते.

इ.स. ४११च्या जून महिन्यात सम्राट होनोरियसच्या आज्ञेने कार्थेज येथे मोठी परिषद भरली. दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले. अध्यक्षस्थानी होता सम्राटाचा प्रतिनिधी मार्सेलिनस. तो विवाहित प्रापंचिक होता, ईश्वरविद्येची आवड असणारा, ऑगस्टीन यांचा स्नेही. ‘देवाचे नगर’ हा बावीस भागांचा ग्रंथ त्यालाच उद्देशून सुरू झाला. परिषदेचा निकाल डोनाटसपंथीयांच्या विरुद्ध गेला. इ.स. ४१२च्या जानेवारीत त्यांच्यावर जबर दंड बसवणारा सम्राटाचा हुकूम निघाला. सूडाची आग भडकायला आणखी काय हवे?

याच सुमारास हिप्पोच्या धर्मप्रांतात डोनाटसपंथाच्या काही धर्मगुरूंनी व टोळीवाल्यांनी मिळून दोन कॅथलिक धर्मगुरूंवर हल्ला केला. रेस्टिट्यूटस यांना दबा धरून ठार मारले. दुसरे इनोसेन्शियस. त्यांना बेदम मारहाण केली, एक डोळा काढला आणि एक बोट छाटले. आरोपी पकडले गेले. मार्सेलिनसपुढे चौकशी झाली व त्यांनी गुन्हा कबूल केला. रोमी कायद्यात अशा गुन्ह्याला काय शिक्षा होती, ते सर्वांना ठाऊक होते. निवाडा होता मार्सेलिनसचा भाऊ अप्रिंजियस याच्या हाती. तो त्या वेळी आफ्रिकेचा प्रांताधिपती होता.

ऑगस्टीन यांनी दोघा भावांना पत्रे लिहिली. मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, की देवाच्या सेवकांनी जे सोसले त्याची भरपाई डोळ्यास डोळा या न्यायाने व्हावी, हे आम्हांला नको आहे. अपराध्यांना मोकळे सोडा, असे ते म्हणत नाहीत. त्यांचे अवयव शाबूत ठेवून त्यांना दुष्कर्मांपासून दूर करावे आणि काही उपयोगी कामाला लावावे, असे ते सुचवतात. यालाही कोणी शिक्षाच म्हणेल. पण ज्यात क्रौर्याला मोकळीक नाही आणि पश्चात्तापाचे औषधही हिरावून घेतलेले नाही, ती शिक्षा उपकारासारखीच आहे, असा त्यांचा युक्तिवाद. स्नेहाचा हक्क सांगून झाल्यावर ते शेवटी बिशपपदाचा हक्कही सांगतात : मित्राची विनंती ऐकणार नसाल तर बिशपचा सल्ला ऐका, आणि तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून सल्ला न म्हणता आज्ञा म्हटले तरी उद्धटपणा होणार नाही.

अप्रिंजियसचे पत्र वेगळ्या वळणाचे आहे. तो स्नेही नव्हता, सत्ताधीश होता. शासनाची सत्ता देवापासून आहे, ही संत पौलाची शिकवण ऑगस्टीन त्याला नाकारीत नाहीत. उलट ते स्पष्ट करतात, की प्रांताचे काम एक आणि ख्रिस्तसभेचे काम दुसरे. प्रांताच्या कारभाराला धाक लागतो, ख्रिस्तसभेने सौम्यता दाखवावी लागते. पण फिर्यादी ख्रिस्तसभा आहे, मेलेला तिचा धर्मगुरू आहे. त्याचे रक्त साक्ष म्हणून सांडले. त्या रक्तावर शत्रूचे रक्त सांडून ती साक्ष डागाळू नका, एवढेच त्यांचे मागणे. दुसरा कोणताही उपाय उरला नसता तर कदाचित वेगळा विचार करावा लागला असता. पण उपाय आहेत, हे ते आवर्जून दाखवून देतात.

हे लक्षात घेण्यासारखे आहे, की दयेची ही याचना करीत असतानाच ते सत्य झाकण्याची मात्र तिळमात्र तयारी दाखवीत नाहीत. मार्सेलिनसला पाठवलेल्या पुढच्या पत्रात ते सुनावणीची कागदपत्रे लवकर जाहीर करण्याचा आग्रह धरतात. अपराध्यांनी काय काय कबूल केले, ते हिप्पोच्या देवळात आणि शक्य झाल्यास धर्मप्रांतातील इतर देवळांतही वाचून दाखवायचे त्यांच्या मनात होते. म्हणजे गुन्हा सर्वांना कळला पाहिजे, नावानिशी कळला पाहिजे, आणि तरीही गुन्हेगार जगला पाहिजे. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. ‘झाले गेले विसरून जा’ म्हणत आपण प्रथम सत्य पुरतो आणि त्या मातीवर क्षमेचे रोप लावतो. आम्हीही त्या उपवासकाळात तेच केले होते.

त्याच पत्रात ऑगस्टीन एका जुन्या दाखल्याची आठवण करून देतात. उत्तर इटलीतील अनाउनिया खोऱ्यात इ.स. ३९७ मध्ये तीन ख्रिस्ती सेवकांची हत्या झाली होती. सम्राटाकडे विनंती करण्यात आली आणि मारेकऱ्यांना तशाच मरणाची शिक्षा झाली नाही. तेव्हा प्रांताधिपती ऐकत नसेल तर निदान आरोपींना कैदेत ठेवा, आम्ही सम्राटाकडे दाद मागू, असे ऑगस्टीन लिहितात. आपली पत्रे खटल्याच्या कागदपत्रांना जोडावीत, हेही ते सुचवायला विसरत नाहीत. भावनेच्या भरात लिहिलेले हे पत्र नव्हे; कायद्याच्या वाटा माहीत असलेल्या माणसाचे आहे. अपराध्यांचे पुढे काय झाले, याची नोंद काळाने जपून ठेवलेली नाही.

आरोपींची कबुली कशी मिळवली, याविषयीही पत्रात मजकूर आहे. मार्सेलिनसने यंत्रावर ताणले नाही, आकड्यांनी ओरबाडले नाही, चटके दिले नाहीत. छड्या मारून कबुली मिळवली, याबद्दल ऑगस्टीन त्याचे कौतुक करतात. छडी तर शाळामास्तर वापरतात, आईबाप वापरतात, बिशपदेखील निवाडा करताना वापरतात, असे ते म्हणतात. येथे आमचे मन अडखळते. त्या काळाच्या मानाने हा सौम्यपणाच होता, हे मान्य. पण या छडीकडे आम्हांला पुन्हा यावे लागणार आहे.

आणखी एक खंत. या सर्व पत्रव्यवहारात एका माणसाचा आवाज कोठेच ऐकू येत नाही. तो माणूस म्हणजे इनोसेन्शियस. त्यांचा डोळा गेला, बोट गेले. आपल्या मारेकऱ्यांना जीवदान मिळावे असे त्यांना वाटत होते काय? रेस्टिट्यूटस यांच्या आप्तांना काय वाटत होते? बिशपांनी ख्रिस्तसभेच्या वतीने दया मागितली, ती त्यांचे कर्तव्य म्हणून मागितली. पण ज्याचा डोळा गेला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला असतो काय? दुसऱ्याच्या जखमेवर आपण फुंकर घालू शकतो, सही करू शकत नाही.

या संदर्भात आपल्याच काळातील एक घटना डोळ्यांपुढे येते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात इंदूर धर्मप्रांतात सिस्टर राणी मरिया यांची बसप्रवासात भोसकून हत्या करण्यात आली. सावकारीच्या विळख्यातून आदिवासींना सोडवण्याचे त्यांचे काम काही जणांना खुपत होते. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्याने तुरुंगवास भोगला. त्या काळात, इ.स. २००२ मध्ये, राणी मरिया यांच्या धाकट्या भगिनी, ज्या स्वतः त्याच संघाच्या व्रतस्थ आहेत, त्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे कुटुंबीयांच्या संमतीने त्याच्या सुटकेसाठी अर्ज झाला व २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मरिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. येथे क्रम पाहावा. न्यायालयाने आपले काम केले, त्यात कोणी आडवे आले नाही. आणि क्षमा केली ती ज्यांचे माणूस गेले त्यांनी, कोणाच्या दडपणाशिवाय, आपल्या वेळेला.

पुन्हा आफ्रिकेकडे वळू. मॅसिडोनियस नावाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने याच वर्षांच्या आसपास ऑगस्टीन यांना एक सरळ प्रश्न विचारला. तुम्ही बिशप मंडळी अपराध्यांसाठी रदबदली करता, आम्ही ऐकले नाही तर नाराज होता; हे खरोखर तुमच्या धर्माचे कर्तव्य आहे काय? गुन्ह्याची शिक्षा होऊ नये अशी इच्छा धरणारा त्या गुन्ह्यात सामील होतो, असे नव्हे काय? प्रश्न सभ्य भाषेत होता, पण नेमका होता. उत्तरादाखल आलेले पत्र दीर्घ आहे आणि आमच्या मते ते प्रत्येक गुरुविद्यालयात शिकवले जावे. ऑगस्टीन म्हणतात, की शासनाच्या कठोरतेला तिचे स्थान आहे. तिच्या धाकामुळे दुष्टांना आवर बसतो व सज्जन दुष्टांमध्ये निर्धास्त राहू शकतात. परंतु माणसाने आपले आचरण सुधारावे, ते याच जीवनात. मरणानंतर ती संधी नाही. म्हणून आम्ही त्याच्या प्राणांसाठी विनवतो. पापाचा तिरस्कार आणि माणसाविषयी कळवळा, हे दोन्ही एकाच हृदयात राहू शकतात.

एवढ्यावर ते थांबले असते तर पत्र सुंदर ठरले असते, पण सोपेही ठरले असते. पुढे ते लुबाडलेल्या वस्तूंकडे वळतात. ज्याने दुसऱ्याचे घेतले आहे आणि जो ते परत करू शकतो, तो परत करीत नसेल तर त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे. हिरावलेले परत केल्याशिवाय पापाची क्षमा नाही. परत करण्याची ऐपतच नसेल तर गोष्ट वेगळी. तेथे छळून काही निघणार नाही. मात्र ऐपत असूनही जो टाळतो, अशासाठी रदबदली करणारा आणि त्याला परतफेडीला भाग न पाडणारा माणूस त्या लबाडीचा भागीदार होतो, असे ते निःसंदिग्धपणे लिहितात.

हा मजकूर आम्ही प्रथम वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्या घरच्या ऑपरेशनचे कर्ज आठवले. तक्रार मागे घेण्यासाठी आम्ही चार वेळा एका घरी गेलो होतो. दुसऱ्या घरी जाऊन ‘उपचारांच्या खर्चाचे काय?’ असे विचारायला एकदाही गेलो नव्हतो. क्षमेचा सारा भार आम्ही जखमी माणसाच्या खांद्यावर ठेवला होता, आणि ज्याने मारले त्याच्याकडून क्रुसाचे एक चुंबन घेऊन आम्ही संतुष्ट झालो होतो.

आता त्या छडीविषयी. संत ऑगस्टीन यांची एवढीच बाजू सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. आरंभी त्यांचे मत होते, की कोणालाही बळजबरीने ख्रिस्तसभेच्या ऐक्यात आणू नये. चर्चेने, समजुतीने जिंकावे. पुढे त्यांचे मत पालटले. दंडाच्या आणि कायद्याच्या भीतीने गावेच्या गावे ऐक्यात परतली; त्यांची जन्मनगरीही परतली; आणि त्यांतील काही जण म्हणू लागले, की भीतीनेच आमची सवयीची झोप मोडली. हे पाहून ते म्हणू लागले, की प्रीतीदेखील कठोर होऊ शकते. बाप मुलाला मारतो आणि मुले पळवणारा त्याला गोंजारतो. मग प्रीती कोणाची? लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टान्तात धनी चाकराला पाठवतो व लोकांना आत येण्यास भाग पाडायला सांगतो, त्या शब्दांचा आधारही त्यांनी घेतला.

एका बाजूला शत्रूच्या प्राणांसाठी झुरणारा हा महात्मा, दुसऱ्या बाजूला शत्रूच्या विवेकबुद्धीवर दंड बसवण्याचे समर्थन करणारा. दोन्ही पत्रे एकाच लेखणीची आहेत. आमच्या समजुतीने घोटाळा त्या छडीच्या उपमेत आहे. खून करणारा हात धरावा लागतो, तेथे बळ न्याय्य आहे. पण वेगळे मानणारा शेजारी म्हणजे आपले अज्ञान मूल, आणि आपण त्याचे वडील, असे एकदा ठरले, की प्रीतीच्या नावाखाली काहीही करता येते. आणि करणाऱ्याला ते क्रौर्य वाटतसुद्धा नाही.

ऑगस्टीन यांना पाखंड्यांचे रक्त नको होते. पुढच्यांनी त्यांची मर्यादा पाळली नाही, युक्तिवाद तेवढा उचलला. १२व्या शतकातील ग्रेशियनच्या धर्मनियमसंग्रहात त्यांचे बळविषयक उतारे मोठ्या संख्येने आले, संत थॉमस अक्वायनस यांनीही त्यांचा आधार घेतला, आणि मध्ययुगीन धर्मन्यायासनांना शास्त्राचे पाठबळ मिळाले. त्यांपैकी एक न्यायासन इ.स. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाले आणि, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत चालले. वसईचा आपला मुलूख १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तोवर त्या न्यायासनाची सत्ता येथवरही पोहोचत होती. हा इतिहास आपल्या प्रवचनांत फारसा येत नाही. तो शेजारधर्मीयांनी काढला की आपण अस्वस्थ होतो. आपणच काढला तर अधिक बरे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला आणि धर्माच्या बाबतीत बळजबरीला जागा नाही, असे स्पष्ट केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेत वापरलेली असहिष्णुता तीत होती. मृत्युदंडाच्या प्रश्नावर मात्र ख्रिस्तसभा ऑगस्टीन यांच्या विनवणीच्याही पुढे गेली आहे. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद बदलून मृत्युदंड अग्राह्य ठरवला.

मार्सेलिनसची कथा अजून संपलेली नाही. इ.स. ४१३ मध्ये आफ्रिकेचा सेनापती हेराक्लियन याने बंड केले, ते फसले, आणि विजयी सेनाधिकारी मारिनस कार्थेजला येऊन दाखल झाला. त्याने मार्सेलिनस आणि अप्रिंजियस या दोघाही भावांना बंडात सामील असल्याच्या संशयावरून कैद केले. कोणाच्या तरी जुन्या वैराचे हे फळ असावे, अशी कुजबुज होती. ऑगस्टीन कार्थेजलाच होते. ते तुरुंगात जाऊन मार्सेलिनसला भेटले. तुरुंगात धाकट्या-मोठ्या भावांत बोलणे झाले, त्याची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. एक भाऊ म्हणाला, मी माझ्या पापांमुळे हे भोगतो आहे असे समजू, पण तुझे ख्रिस्ती आचरण तर सर्वांना ठाऊक आहे, तुझ्यावर हे का यावे? मार्सेलिनस म्हणाला, माझ्या पापांची शिक्षा येथेच होऊन गेली आणि पुढच्या न्यायासाठी शिल्लक राहिली नाही, तर ती देवाची लहान कृपा आहे काय?

सम्राटाकडे दयेची याचना करण्यासाठी एका बिशपांना इटलीला पाठवण्यात आले. उत्तर येईपर्यंत काही होणार नाही, असा भरवसा मिळाला होता. ज्या न्यायाधीशाला ऑगस्टीन यांनी दीड वर्षापूर्वी कळवळून लिहिले होते, की आरोपींना मारू नका, सम्राटाकडे दाद मागायला वेळ द्या, त्याच न्यायाधीशासाठी आता तेच मागणे होते. १३ सप्टेंबर रोजी, संत सिप्रियन यांच्या सणाच्या आदल्या दिवशी, दोघा भावांना एकाएकी बाहेर काढून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. पुढच्या वर्षी सम्राटाच्या हुकुमात मार्सेलिनसचा उल्लेख सन्मानाने झाला. ख्रिस्तसभा त्याला संत व रक्तसाक्षी म्हणून वंदन करते.

ऑगस्टीन यांनी लगेच कार्थेज सोडले. का सोडले, ते त्यांनी एका अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. मारिनसच्या तलवारीला भिऊन अनेक लोक देवळात आश्रयाला आले होते. त्यांच्या प्राणांसाठी मारिनससमोर हात जोडण्याची पाळी येणार, हे दिसत होते. आणि त्याच्या दुष्कृत्याची त्याला योग्य शब्दांत निर्भर्त्सना करता येत नसताना त्याच्यापुढे विनवणी करायला उभे राहणे ऑगस्टीन यांना सोसवेना. सबंध आयुष्य अपराध्यांसाठी रदबदली करणारा हा बिशप या एका दारातून मागे फिरला. त्याच पत्रात ते त्या अधिकाऱ्याला, जो मारिनसचा मित्र होता, कळकळीने लिहितात, की तुमचे त्याच्यावर प्रेम असेल तर जितके प्रेम आहे तितकाच त्याच्या या कृत्याचा तुम्हांला तिटकारा असू द्या. त्याच्याशी पूर्वीसारखे हसूनबोलून राहू नका, म्हणजे निदान त्याला पश्चात्ताप करण्याची गरज भासेल.

ती आई अजून हयात आहे. मागच्या वर्षी त्या धर्मग्रामाच्या सणाला गेलो असता आम्ही तिच्या घरी गेलो. मुलगा थोडा लंगडतो, पण वाडी सांभाळतो. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांला उशीर झाला, हे तिला सांगितले. पलीकडच्या घरीही जाऊन आलो. त्यांनी चहा दिला. कर्जाचा विषय आम्ही काढला तेव्हा त्या घरचा थोरला बराच वेळ अंगणातल्या विहिरीकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, “फादर, हे तेव्हाच कोणी विचारलं असतं तर...”